हप्ता शून्य, मग खर्च किती? पुण्यातल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हिशोब

आई-वडिलांचं आयुष्मान कार्ड निघालं की घरातले निश्चिंत होतात आणि पुढचा हिशोब कुणी करत नाही. हप्ता शून्य आहे, हे खरं. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात योजनेतून भरती झालं तर शस्त्रक्रियेचं बिल शून्य येतं, हेही खरं. तरीही घरातून पैसे जातात. ते बहुधा तीन वेळांना जातात: भरतीच्या आधी, डिस्चार्जनंतर आणि भरती चुकीच्या पद्धतीनं झाली तर. पहिल्या दोन वेळचा खर्च आधीच मोजून ठेवता येतो. तिसरा टाळता येतो, आणि सगळ्यात मोठी रक्कम नेमकी त्यातच बुडते.

आधी आपण कुठे बसतो ते ठरवा

वय 70 पूर्ण असेल तर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची कुठलीही अट नाही. बंगला असो, पेन्शन असो, मुलगा परदेशात असो, कार्ड मिळतं. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली आणि त्या कार्डाला 'आयुष्मान वय वंदना कार्ड' म्हणतात.

वय 60 ते 69 असेल तर हे कार्ड मिळत नाही. पण महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै 2024 पासून ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांपुरती राहिलेली नाही. पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही तिच्यात येतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण मिळतं. कोथरूड, सहकारनगर, औंध भागातल्या कितीतरी घरांत 'आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही नाही' हा समज अजून पक्का आहे. तो सोडा आणि कपाटातलं रेशनकार्ड बाहेर काढा.

केंद्र सरकारी पेन्शनर असाल तर सीजीएचएस, लष्करातून निवृत्त असाल तर ईसीएचएस, कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर ईएसआयसी. पुणे महापालिकेतून निवृत्त झालेल्यांसाठी महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना आहे. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्या 70 वर्षांवरच्यांना जुनी योजना आणि आयुष्मान यांतली एकच निवडावी लागते. इथे घाई करू नका. सीजीएचएस आणि ईसीएचएसमध्ये ओपीडी तपासणी आणि दर महिन्याची औषधं मिळतात, आयुष्मानमध्ये ती मिळत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा रोजच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं सीजीएचएस सोडणं म्हणजे जवळपास नेहमीच तोटा. ईएसआयसी किंवा खासगी मेडिक्लेम असेल तर मात्र निवडीचा प्रश्न येत नाही, दोन्ही ठेवता येतात.

वय वंदना कार्ड: अडतं ते आधारवर

कार्ड काढायला पैसे लागत नाहीत. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवर मोबाइल क्रमांक टाकून आत जायचं, 70 वर्षांवरच्यांची नोंदणी निवडायची, आधार क्रमांक टाकायचा, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करायचं, फोटो काढायचा, पत्ता आणि कुटुंबातल्या माणसांची माहिती भरायची. सगळं जुळलं तर कार्ड लगेच उतरवून घेता येतं. घरून जमत नसेल तर अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, किंवा आपले सरकार सेवा केंद्रावर जा.

काम अडण्याची कारणं ठरलेली असतात. आधारला जोडलेला मोबाइल जुना असतो आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. वयामुळे बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते उचलत नाही. अशा वेळी केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा, तशी सोय आहे. तिसरं कारण जन्मतारखेचं. योजनेत वय फक्त आधारवरून धरतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मसाल 1953 आणि आधारवर 1957 असेल, तर संगणकाच्या लेखी माणूस सत्तरीचा झालेलाच नसतो. आधार केंद्रावर जन्मतारीख दुरुस्त करून घ्या, तिथलं शुल्क 75 रुपये आहे. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून पुरावा पक्का असेल तेव्हाच जा. हे सगळं माणूस धडधाकट असताना उरकायचं काम आहे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून ओटीपी शोधायची वेळ येऊ देऊ नका.

नवरा-बायको दोघं सत्तरीच्या पुढचे असतील तर कार्डं दोन काढायची. रक्कम मात्र एकच.

पाच लाख कसे मोजतात

5 लाख ही वर्षाची रक्कम एका कुटुंबातल्या 70 वर्षांवरच्या सगळ्यांना मिळून असते. आजोबा 76 आणि आजी 72 असतील तर दोघांत मिळून 5 लाख, प्रत्येकी नाही. समजा आजोबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज, म्हणजे योजनेनं त्या उपचारासाठी ठरवलेली एकूण रक्कम, 1,60,000 रुपयांचं आहे आणि त्याच वर्षी आजींच्या खुब्याच्या हाडाचं 90,000 चं. एकूण 2,50,000 गेले, तितकेच उरले. उरलेले पुढच्या वर्षात जात नाहीत, नव्या वर्षी पुन्हा पूर्ण 5 लाख सुरू होतात. कुटुंब आधीपासून आयुष्मान भारतच्या यादीत असेल तर घरातल्या 70 वर्षांवरच्यांसाठी वेगळे 5 लाख मिळतात आणि त्यांतून मुला-नातवंडांचा उपचार होत नाही.

या 5 लाखांतून वजा होतो तो सरकारी पॅकेजचा दर, रुग्णालयाचं एरवीचं बिल नव्हे. खासगीत जे ऑपरेशन साडेतीन-चार लाखांना सांगतात, ते योजनेच्या दरानं पुष्कळ कमी रकमेत मोजलं जातं. म्हणून ही रक्कम वाटते त्यापेक्षा लांब पुरते. काही रुग्णालयं योजनेसाठी ठरावीकच खाटा ठेवतात, त्यालाही कारण हेच, पॅकेजचा कमी दर. ते कारण कळलं की 'खाट रिकामी नाही' हे उत्तर ऐकून हताश न होता दुसऱ्या रुग्णालयाला फोन लावता येतो.

जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. खासगी पॉलिसीत असतो तसा थांबण्याचा काळ नाही. वयस्कर माणसासाठी या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

पॅकेजमध्ये काय येतं, खिशातून काय जातं

योजनेतल्या पॅकेजमध्ये जनरल वॉर्डची खाट, नर्सिंग, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या, बसवायची साधनं आणि रुग्णाचं जेवण हे सगळं येतं. आयुष्मानमध्ये भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस यांचा औषध-तपासणीचा खर्चही धरलेला असतो. फुले योजनेत डिस्चार्जनंतरचे 10 दिवस मिळतात, आणि घरी परतण्यासाठी रुग्णाचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही. हे भाडं फारसं कुणी मागत नाही. खेड, जुन्नर, भोरहून पुण्यात आलेल्यांनी ते जरूर मागावं.

आता जे येत नाही ते. ओपीडीची फी येत नाही. निदान होईपर्यंतच्या तपासण्या, म्हणजे दोन-तीन आठवडे चाललेले एमआरआय, इको, रक्ताचे अहवाल, यांतलं भरतीच्या आधीच्या 3 दिवसांत न बसणारं सगळं आपलं. मुदतीनंतरच्या गोळ्या आपल्या. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, दिवसाची किंवा रात्रीची आया, वॉकर, कमोडची खुर्ची, भाड्यानं आणलेली हॉस्पिटलची खाट, डायपर, सोबत राहणाऱ्याचा चहा-जेवण-रिक्षा, हे सगळंही आपलं.

खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाच्या घरचा खरा खर्च ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत होतो. तो असा मांडा: आयेचे दिवसाचे पैसे गुणिले 90, फिजिओच्या एका भेटीचे पैसे गुणिले 30, गोळ्यांचे महिन्याचे पैसे गुणिले 3, त्यात साधनांचं भाडं. आपल्या भागातले दर घालून हा आकडा एकदा कागदावर काढा. आया दिवसाला 700 रुपये घेत असेल तर नुसते तिचेच 63,000 होतात, आणि बिल मात्र 'कॅशलेस' झालेलं असतं. एवढी रक्कम घरात बाजूला ठेवलेली असणं, यालाच ज्येष्ठांच्या विम्याची खरी तयारी म्हणायचं.

रोजच्या गोळ्यांचा खर्च कमी करायचा तर डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रातून घ्या. महिन्याला 2,400 रुपयांच्या गोळ्या म्हणजे वर्षाला 28,800. त्यातले निम्मे वाचले तरी फिजिओथेरपीचे पैसे निघतात.

भरतीच्या दिवशी

सगळ्यात महाग चूक याच दिवशी होते. आजोबा घसरले, जवळच्या रुग्णालयात नेलं, काउंटरवर डिपॉझिट मागितलं, घाबरून भरलं, आणि कार्डाची आठवण तिसऱ्या दिवशी झाली. तोवर नोंद रोख रुग्ण म्हणून झालेली असते. आयुष्मान आणि फुले या दोन्ही योजना कॅशलेस आहेत. रुग्णाने स्वतः भरलेलं बिल नंतर सादर करून पैसे परत मिळण्याची सोय त्यांत नाही. खासगी मेडिक्लेमची सवय असलेल्या घरांत 'आधी भरू, मग क्लेम करू' हा विचार सहज होतो आणि तिथेच लाखभर रुपये जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 108, ती मोफत आहे. निघतानाच 14555 किंवा 155388 वर फोन करून विचारा की जवळचं कुठलं रुग्णालय 'या आजारासाठी' अंगीकृत आहे. आजाराचं नाव घेणं महत्त्वाचं आहे. रुग्णालय योजनेत असतं, पण एखाद्या वेळी फक्त अस्थिरोग आणि मूत्ररोगासाठी, हृदयविकारासाठी नाही. 'योजना चालते का?' एवढंच विचारलं की 'चालते' असं खरं उत्तर मिळतं आणि पोहोचल्यावर कळतं की आपल्या आजाराला चालत नाही. शिवाय काही उपचार योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते निघाले तर ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय यांपैकी कुठे होतील ते विचारा.

रुग्णालयात पोहोचल्यावर बिलिंग काउंटरच्या आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. आधार, वय वंदना कार्ड, रेशनकार्ड आणि आधीचे रिपोर्ट द्या. तातडीची केस असेल तर फोनवरून पूर्वपरवानगी घेऊन उपचार सुरू होतात आणि कागद मागून देता येतात, पण 'योजनेतून भरती करा' हे पहिल्याच तासात सांगावं लागतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला पूर्वपरवानगी आल्याशिवाय तारीख पक्की धरू नका. परवानगी परत येण्याची नेहमीची कारणं म्हणजे रेशनकार्डावर आणि आधारवर नावात फरक, अपुरे रिपोर्ट, किंवा डॉक्टरांनी निवडलेलं पॅकेज आजाराशी न जुळणं. पहिल्या कारणासाठी रेशनकार्डावरचं नाव आत्ताच तपासा. 'शांताबाई' आणि 'शांता' एवढ्यावरूनही अडतं.

वेगळी खोली मागू नका. योजना जनरल वॉर्डची आहे आणि खोली घेतली की योजना सुटते. 'हे इंजेक्शन योजनेत नाही, बाहेरून आणा' असं कुणी सांगितलं तर आणण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. पॅकेज मंजूर झाल्यावर त्या आजाराचं औषध रुग्णालयानंच द्यायचं असतं.

सीजीएचएस, ईसीएचएस, ईएसआयसी: इथे पैसे भरावे लागतात

सीजीएचएसची वर्गणी निवृत्तीच्या वेळच्या वेतनस्तरावर ठरते. स्तर 1 ते 5 ला महिना 250 रुपये, स्तर 6 ला 450, स्तर 7 ते 11 ला 650 आणि 12 च्या वर 1,000. पेन्शनर दरवर्षी भरू शकतात किंवा 10 वर्षांची रक्कम एकदम भरून आजन्म कार्ड घेऊ शकतात. ती रक्कम त्याच क्रमानं 30,000, 54,000, 78,000 आणि 1,20,000 होते. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यानं एकदम भरणं केव्हाही परवडतं, अकराव्या वर्षापासून ते फायद्यात जातं आणि जोडीदाराचीही सोय होते. वॉर्ड मूळ पगारावर ठरतो: 36,500 पर्यंत जनरल, 50,500 पर्यंत सेमी-प्रायव्हेट, त्यावर प्रायव्हेट. आपल्या हक्काच्या वॉर्डापेक्षा वरचा घेतला तर फरक आपला. तातडीनं यादीबाहेरच्या रुग्णालयात जावं लागलं तर परतावा सीजीएचएसच्या दरानं मिळतो, बिलाच्या रकमेनं नव्हे. हा फरक कधीकधी निम्म्याहून जास्त निघतो. असा दावा डिस्चार्जपासून 6 महिन्यांच्या आत द्यायचा.

ईसीएचएसची वर्गणी एकदाच भरायची असते: हवालदारापर्यंत 30,000, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर 67,000, अधिकारी 1,20,000. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना ती माफ आहे.

ईएसआयसीची निवृत्तांसाठीची सोय पुण्यासारख्या कारखान्यांच्या शहरात इतकी दुर्लक्षित आहे की वाईट वाटतं. किमान 5 वर्षं विमाधारक असलेला कामगार निवृत्तीच्या वयाला नोकरीतून बाहेर पडला, तर वर्षाला 120 रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला ईएसआयची वैद्यकीय सेवा मिळते. त्यात ओपीडी आणि औषधंही येतात. बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. भोसरी, चिंचवड, हडपसरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांनी ईएसआयचा क्रमांक आणि निवृत्तीचा दाखला घेऊन शाखा कार्यालयात जावं. वर्षाचे 120 रुपये भरायचे विसरू नका, नाहीतर सेवा तिथेच थांबते.

योजनेत बसलंच नाही तर

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे त्या निर्णयात येत नाही. तिथे केस पेपर आणि तपासण्यांचं सरकारी शुल्क लागतं, ते खासगीच्या मानानं अगदी थोडं असतं.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. पुण्यातली बरीच मोठी नामवंत रुग्णालयं धर्मादाय न्यासाची आहेत. कायद्यानं त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे 3,60,000 पर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे जायचं. दाखला हाताशी नसेल तर अर्ज तरी त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही, हेही याच योजनेतलं कलम आहे. कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांनी उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा करून ठेवावा. डिस्चार्जच्या दिवशी तो निघत नाही.

खासगी पॉलिसी बंद करावी का

आयुष्मान कार्ड निघालं म्हणून वीस वर्षांची जुनी पॉलिसी सोडू नका, हप्ता परवडत असेल तोवर. एकदा सोडली की सत्तरीत नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. नूतनीकरणाच्या पावतीत तो लावलेला नाही ना, बघा. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता कंपनीला एका वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. पॉलिसीत सहभाग (को-पे), म्हणजे बिलातला तुमचा वाटा, किती टक्के आहे तेही वाचा. 20 टक्के असेल तर 4 लाखांच्या बिलात 80,000 तुमचे.

योजनेत येणारा उपचार अंगीकृत रुग्णालयात होत असेल तर आधी कार्ड वापरा आणि पॉलिसी राखून ठेवा. आवडतं रुग्णालय योजनेत नसेल तेव्हा पॉलिसी बाहेर काढा.

पैसे मागितले तर

योजनेतून भरती असताना कुणी पैसे मागितले तर पावती मागा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, कारण पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही. डिस्चार्जच्या कागदांवर सही करण्याआधी त्यात पॅकेजची रक्कम आणि 'रुग्णाकडून घेतलेली रक्कम' काय लिहिली आहे ते वाचा. पैसे दिलेले असताना तिथे शून्य लिहिलं असेल तर सही थांबवा. तक्रार 155388 वर किंवा 14555 वर नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि डिस्चार्ज कार्ड, पावत्या, भरतीच्या दिवसाचा केस पेपर यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. चौकशी या कागदांवरून होते आणि बेकायदा घेतलेली रक्कम रुग्णालयाला परत करावी लागते.